पहिली बाटली मोतीची

कुत्रा पाळलेल्या घरात एक गोष्ट ठरलेली असते. माणसं चपला शोधू लागली, की हे महाराज आधीच दाराशी हजर! आमचा मोती तसलाच. म्हणून फेब्रुवारीच्या अखेरीस एका रविवारी गंभीरगडावर जायचं ठरलं, तेव्हा मुलांनी त्याला बरोबर घेतलं आणि मीही 'येऊ दे बापडा' म्हटलं.

आपल्या डहाणू तालुक्यातला हा गड कासा-सायवनच्या बाजूला आहे. उंची सुमारे सव्वादोन हजार फूट. पहाटे निघायचं होतं. पण पोळ्या, बटाट्याची भाजी, डबे असं करता करता पायथ्याशीच साडेनऊ वाजले. सगळ्या घोटाळ्याचं मूळ तिथंच.

झाडी आहे, सावली मिळेल, असं मी धरून चालले होते. पण त्या दिवसांत सागाची पानं गळून गेलेली असतात. सावली तर नाहीच, उलट वाळक्या पानांखालचा सुटा मुरूम दिसत नाही आणि पाय सटकतो. गुरांच्या वाटा जागोजाग फुटलेल्या. पाड्यावरचा एक मुलगा बरोबर होता म्हणून चुकलो नाही. वर तर उघडा कातळच. बुटांतून आम्हाला काही जाणवलं नाही. मोती पुढे धावे, पुन्हा आमच्याकडे येई. म्हणजे तो आमच्या दुप्पट चालत होता.

उतरताना बारा वाजून गेले. मोती एका करवंदीच्या जाळीत शिरला आणि उठेचना. "नाटकं करतोय," मुलं म्हणाली. मीही साखळी ओढली. तेवढ्यात डोक्यावर मोळी घेऊन उतरणाऱ्या एक आजी थांबल्या. म्हणाल्या, "बाई, आधी त्याचे पाय तर बघ."

पंजा उलटून पाहिला आणि पोटात धस्स झालं. तळव्याची काळी गादी सोलली होती, बोटांच्या बेचक्यात कुसळं रुतली होती. जीभ लांब बाहेर, डोळे निस्तेज. आम्ही पाणी माणशी मोजून घेतलं होतं. मोतीचं मोजलंच नव्हतं!

उरलेलं पाणी थोडं थोडं पाजलं, पोटावर आणि पायांवर ओतलं, ओढणीनं वारा घातला. बऱ्याच वेळानं त्यानं मान उचलली. ह्यांनी त्याला खांद्यावर घेऊन खाली आणलं आणि आम्ही तडक जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. अंगातली उष्णता तो मुख्यतः धापा टाकूनच बाहेर टाकतो. आणखी तासभर उन्हात राहिला असता तर कठीण होतं.

तुम्ही जाणार असाल, तर नोव्हेंबर ते जानेवारीत, उजाडताच चढायला लागा. पावसाळ्यात कातळावर शेवाळ असतं, तेव्हा नकोच. हाताची मागची बाजू कातळावर पाच-सात सेकंद टेकवून पाहा. तुम्हाला सोसवत नसेल, तर त्यालाही सोसवणार नाही. त्याचं पाणी आणि एक पसरट भांडं वेगळं घ्या. पाड्यांवर कोंबड्या, शेळ्या, तिथली कुत्री असतात, म्हणून साखळी सोडू नका आणि रेबीजची लस आधीच टोचून घ्या. घरी आल्यावर कान, काखा, बोटांची बेचकी नीट चाचपा. कुसळं आणि गोचिड्या तिथंच लपतात.

त्या दिवशी वाटेत मोतीनं कितीदा तरी माझ्याकडे वळून पाहिलं होतं. मला ते लाडाचं वाटलं. जो मागत नाही त्याचं आधी वाढावं, हे रोज चार ताटं वाढणाऱ्या बाईला डोंगरावर जाऊन कळावं, ह्याची अजून लाज वाटते. आता कुठंही निघालो, की पहिली बाटली मोतीची भरते, मग आमच्या.