आत्याबाईंची यात्रा नि माझा पतंग

मैत्रिणींनो, आधीच सांगून टाकते. माझं वय सत्तेचाळीस, वजन विचारू नका, गाव धावडा, तालुका भोकरदन, जिल्हा जालना. अजिंठ्याच्या डोंगररांगेजवळचं आमचं हे गाव. समुद्र इथून इतका लांब, की "आम्ही समुद्र पाहून आलो" ही अजूनही चार बायकांत कौतुकानं सांगायची गोष्ट. अशी मी बाई २०२५ च्या मे महिन्यात रामेश्वरच्या बेटावर कमरेला पतंग बांधून पाण्यात उतरले! हसलात ना? हसा खुशाल. आमच्या गल्लीत तर अजून हसतात.

त्याचं असं झालं. माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, रामेश्वर करायचं होतं. मामंजींनी काशीहून आणलेला गंगेचा गडू अठरा वर्षं देव्हाऱ्यात बसून होता. काशीची गंगा रामेश्वराला वाहिल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, हे तुम्हांला मी काय सांगावं! पण कधी दुष्काळ, कधी बाळंतपणं, कधी पैशाची ओढ. शेवटी नात म्हणाली, "आजी, मी नेते." माझी लेक चेन्नईला नोकरीला आहे. तिनंच तिकिटं काढली. आमचे हे काही आले नाहीत. उन्हाळी मिरची तोडणीला आली होती नि तोडायला बाया मिळत नव्हत्या.

यात्रा आत्याबाईंची, पण माझ्या मनात वेगळाच डाव होता, तोही कबूल करते. फेब्रुवारीत मी लेकीसाठी एक स्थळ पाहिलं होतं. चांगलं घर, ओळखीतली माणसं. तिला न विचारताच मी पाहुण्यांना दिवस दिला. पोहे झाले, पाहुणे आले, पोरगी आलीच नाही. चार लोकांत माझी मान खाली गेली. तेव्हापासून आमचं फोनवर बोलणं म्हणजे "जेवलीस का?", "हो." एवढंच. म्हटलं, आता आठ दिवस हाताशी सापडेल, आजीच्या तोंडून सांगू, रामेश्वराच्या साक्षीनं हो म्हणवून घेऊ.

मदुराईहून मोटारीनं निघालो. पांबनच्या पुलावर आलो तर शेजारी समुद्रातच रेल्वेचे दोन पूल, एक १९१४ सालचा जुना नि एक एप्रिल २०२५ मध्ये सुरू झालेला नवा. आत्याबाई हात जोडूनच बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी देवळातल्या बावीस तीर्थांचं स्नान झालं. एकेका विहिरीपाशी जायचं, वरून बादली ओततात, की पुढच्या विहिरीला. आत्याबाई ओल्याचिंब होऊन मोजत होत्या. शेवटी म्हणाल्या, "बावीस हिरी, नि समद्यांला पानी! आपल्याकडं असतं तर?" २०१२-१३ च्या दुष्काळात टँकरमागं हंडा घेऊन धावलेली बाई दुसरं काय म्हणणार? मग गडू फुटला, गंगा वाहिली. त्या रडल्या, मीही रडले.

संध्याकाळी लेक हळूच म्हणाली, "आई, उद्यापासून चार दिवस मी सकाळी शिकायला जाणार आहे." काय शिकायला? तर काइटबोर्डिंग. मोठ्या पतंगाला स्वतःला बांधून घ्यायचं, पायाखाली फळी घ्यायची नि वाऱ्याच्या जोरावर समुद्रावरून घसरत जायचं. आपण पतंगफळी म्हणू. सुट्टीत ती आधीही दोनदा येऊन गेली होती म्हणे, आम्हांला पत्ता नाही. माझं डोकंच फिरलं. "लग्नाच्या वयाची पोरगी नि समुद्रात पतंग उडवते? काही झालं म्हणजे?" ती शांतपणे म्हणाली, "तू एकदा बघ तरी." मी म्हटलं, "बघते की! काठावर बसून बघते." तर म्हणाली, "काठावरून काय दिसणार? पोहता तर तुला येतंच."

खरं होतं. लहानपणी आम्ही पोरी कमरेला वाळला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलो. बाराव्या वर्षापर्यंत काठावरून उड्या मारत होते. मग एके दिवशी आई म्हणाली, "आता बस." ती बस, ती आजतागायत. संक्रांतीला भाऊ पतंग उडवी, मी चक्री धरी. दोरी कधी हाती आली नाही. हे सगळं त्या क्षणी आठवलं असं म्हणणार नाही. त्या क्षणी मला फक्त राग आला होता, नि रागातच मी म्हटलं, "ठीक आहे. येते पाण्यात."

शिकवायला विशीतली एक तमिळ मुलगी होती, काळीसावळी, काटक, मोडकंतोडकं हिंदी बोलणारी. पहिला दिवस सगळा वाळूवर. हातात लहानसा पतंग देतात. वारा पाठीवर घेऊन उभं राहायचं, समोर मोठं घड्याळ आहे असं समजायचं. डोक्यावर बारा, डाव्या हाताला नऊ, उजव्या हाताला तीन. पतंग बारावर किंवा अगदी कडेला असला की शहाण्या बाळासारखा असतो. तोच समोर मधोमध खाली आला की असा हिसका देतो की माणूस चार पावलं धावतंच. हे मला पटकन कळलं नि पोरगी चकित झाली. अगं, यात काय नवल! आमची आई खळ्यात तिवईवर उभी राहून उपणायची, आम्ही खाली पाट्या भरून द्यायचो. वारं कुठून येतंय, पडलंय की वाढलंय हे गालाला कळायचं. वारं पडलं की सगळं खळं खोळंबायचं.

या बेटाचं वैशिष्ट्य म्हणजे एका अंगाला पाल्कचं पाणी, दुसऱ्या अंगाला मन्नारचं आखात. उन्हाळ्यात नैर्ऋत्येचा वारा, हिवाळ्यात ईशान्येचा. तो पाहून कोणत्या काठाला शिकवायचं ते ठरवतात. आम्ही होतो तिथं पाणी खूप आतपर्यंत कमरेइतकंच होतं. नाहीतर मी कसली उतरते!

दुसऱ्या दिवशी पाण्यात जायचं. अंगभर बाह्यांचे घट्ट कपडे होते, तेव्हा "काय घालू" हा प्रश्न मिटला. पण गुरूबाई म्हणाली, गळ्यातलं, हातातलं सगळं काढा, दोरीत अडकतं. बांगड्या काढल्या. मंगळसूत्राला हात गेला नि थांबला. पंचवीस वर्षांत बाळंतपणाशिवाय ते उतरलं नव्हतं. आत्याबाई वाळूत छत्री घेऊन बसल्या होत्या. त्यांनी हात पुढं केला. "आण इकडं. काहून भेती? हिरीत बेडकावानी पोहत व्हतीस म्हने तू." मी ते त्यांच्या मुठीत दिलं.

आता जरा नीट ऐका, कारण पुढची गोष्ट यावरच आहे. मोठ्या पतंगाच्या कडेला हवा भरायची नळी असते, त्यामुळं तो पाण्यात पडला तरी बुडत नाही, पुन्हा उठतो. दोन फ्रेंच भावांनी १९८४ साली असा हवेचा पतंग बनवण्याचा हक्क नोंदवला, तिथून या खेळाला रूप आलं. आपल्या हातात एक आडवी दांडी असते. पतंगापासून तिच्यापर्यंत वीस-चोवीस मीटरच्या दोऱ्या. मधल्या दोऱ्या कमरपट्ट्याच्या आकड्याला, म्हणून ओढ हातांवर न येता कमरेवर येते. टोकाच्या दोऱ्या दांडीला. दांडी छातीशी ओढली की पतंग जास्त वारा धरतो, लांब जाऊ दिली की वारा सांडून देतो. आणि अगदीच हाताबाहेर गेलं तर कमरेशी एक लाल मूठ असते, ती ढकलली की पतंग लुळा पडतो. ही मूठ डोळे मिटून सापडेपर्यंत तिनं मला पाण्यात जाऊ दिलं नाही.

सगळं पाठ होतं हो! पण वाऱ्याचा एक झोत आला, पतंग डोक्यावरून खाली झुकला नि मी घाबरले. घाबरल्यावर माणूस काय करतं? हातात असेल ते घट्ट धरतं. मी दांडी दोन्ही हातांनी छातीशी आवळली. पतंगाला तेच हवं होतं. त्यानं मला तोंडावर पाडलं नि पाण्यातून नांगरासारखं ओढत नेलं. नाकातोंडात खारं पाणी. जितकी ओढले जात होते, तितकी आणखी आवळत होते. मागून लेकीचा आवाज, "आई, सोड! सोड ना गं! धरू नकोस, सोड!"

मी हात उघडले.

आणि सगळं थांबलं. मी कमरेभर पाण्यात उभी, खोकत होते. पतंग समोर पाण्यावर निमूट पडला होता. कुठं उडून गेला नव्हता. हात सोडले तरी कमरेशी तो बांधलेलाच होता.

लेक धावत आली. घाबरून पांढरीफटक झाली होती. माझ्या पाठीवर थोपटत म्हणाली, "लागलं का?" फेब्रुवारीपासून "जेवलीस का"च्या पलीकडे आमच्यात झालेलं ते पहिलं बोलणं. मी काही बोलले नाही. पण मैत्रिणींनो, मला त्या पाण्यात उभ्या उभ्या पाहुण्यांचे पोहे आठवले. पोरगी चेन्नईला गेली तेव्हापासून मी दांडी छातीशी ओढतच होते, नि ती का इतक्या जोरानं लांब जाते म्हणून पुन्हा ओढत होते.

रात्री आत्याबाई झोपल्यावर आम्ही दोघी गच्चीवर बसलो. तिनं २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकची चित्रफीत दाखवली. या खेळाला तिथं पहिल्यांदा जागा मिळाली, बायकांत इंग्लंडची एली ऑल्ड्रिज सुवर्णपदक घेऊन गेली. मग मी विचारलं, "लग्न नकोच का?" ती म्हणाली, "नको असं नाही. दोन वर्षं दे. आणि माणूस आधी मला भेटू दे, मग पोहे कर." एवढंच! हे ती फेब्रुवारीतही म्हणाली असेल. मी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीच त्या पाहुण्यांकडं फोन करून "सध्या नाही" असं कळवलं. फोन ठेवताना हात थरथरत होता. ह्यांनाही सांगितलं. हे थोडा वेळ गप्प बसले नि मग मिरचीचा भाव सांगितला. आमच्या घरी याला होकार म्हणतात.

चौथ्या दिवशी मी फळीवर उभी राहिले. किती वेळ? दहा श्वास मोजावेत इतका. मग धप्पकन पाण्यात. परत वाऱ्याच्या दिशेनं वर यायला मला जमलं नाही, पतंग काखेत मारून काठाकाठानं पायी आले. ते जमायला आणखी खूप दिवस लागतात. पण ते दहा श्वास माझे. आत्याबाईंनी मंगळसूत्र परत दिलं तेव्हा त्यांच्या तळहातावर मण्यांचे वळ उठले होते. म्हणाल्या, "लई येळ धरलं माय, हात आखडला." मग म्हणाल्या, "तू उभी राह्यलीस ते मी पाह्यलं."

तुमच्या लेकीसुनांनी हा हट्ट धरला, किंवा तुम्हांलाच लहर आली, तर चार गोष्टी लक्षात ठेवा. पोहता येत असलं पाहिजे. शिकवणाऱ्याकडं रीतसर प्रमाणपत्र आहे का, मदतीला होडी आहे का, हे पैसे देण्याआधी विचारा. खर्च थोडाथोडका नसतो. फळीवर उभं राहायला साधारण दहा-बारा तासांचं शिक्षण लागतं, तेव्हा एका दिवसात शिकवतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. वारा जमिनीकडून समुद्राकडं वाहत असेल तर उतरायचं नाही, तो आत नेतो. आभाळ गडगडलं की पतंग खाली. दोरी बोटाला कधी गुंडाळायची नाही, संक्रांतीच्या मांज्याचं आठवा. केसांना तेल लावून घट्ट वेणी घाला, अंबाडा टिकत नाही. कपडे खाऱ्या पाण्यातून आले की आधी गोड्या पाण्यातून काढा, मग साबण.

घरी आले त्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्याकडं पेरणीची गडबड सुरू झाली. आता दर रविवारी लेकीचा फोन येतो नि तो "जेवलीस का"वर संपत नाही. कधी कधी ती मला न पटणारं काही सांगते. माझे हात आपोआप छातीशी येऊ लागतात. मग मी उठते, चुलीवरचं दूध बघून येते नि म्हणते, "हं, बोल पुढं."