बॅटरीचा घसारा

आमच्या वस्तीतली बरीच मुले आता फर्निचर, ए.सी. बसवणे, पडद्यांचे रॉड लावणे अशा कामांवर जातात. बॅटरीवर चालणारे ड्रिल मशीन असले की नव्या इमारतीत वीज आलेली नसली तरी काम अडत नाही. पण बॅटरीने मध्येच मान टाकली की दिवसाची मजुरी बुडते, ठेकेदाराची बोलणी खावी लागतात ती वेगळीच.

आम्ही पेशाने कारकून. यंत्रातले जाणकार नव्हे, परंतु बी.कॉम.ला शिकलेला घसारा इथे उपयोगी पडला. आमचा भाचा मजुरी ठरवताना गाडीभाडे धरतो, बॅटरीची झीज धरत नाही. समजा बॅटरी ३००० रुपयांची आहे. ती ५०० वेळा चार्ज झाली तर खेपेला ६ रुपये पडले. १५० वेळांतच गेली तर २० रुपये पडले. वरचे १४ रुपये मुलांच्या वह्या-पुस्तकांतून जातात.

पावसाळ्यात त्याला तीन महिने काम नव्हते. मशीन तसेच पेटीत पडून होते. दिवाळीच्या तोंडावर काम मिळाले तेव्हा तो आला, "मामा, चार्जरचा दिवा नुसता लुकलुकतो, बॅटरी चार्ज घेतच नाही." शेवटी सूनबाईंच्या भिशीतले पैसे मोडून नवी घ्यावी लागली. असे का झाले, याची आम्ही चौकशी केली.

१८ व्होल्टच्या बॅटरीत लिथियमचे सेल पाचाच्या रांगेत जोडलेले असतात. एक सेल साधारण ३.६ व्होल्टचा. पूर्ण भरला की ४.२, म्हणजे पाचांचे २१. काही कंपन्या हाच २१ चा आकडा छापतात, म्हणून ती बॅटरी जास्त ताकदीची ठरत नाही. रांगेतला एक सेल दुबळा झाला की सगळी बॅटरी थांबते.

जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्या पडून राहिल्या की आपोआप उतरत. त्या पार उतरवूनच चार्ज करायची सवय जुन्या मिस्त्रींना होती. लिथियमला ती सवय मारक आहे. लिथियमची बॅटरी महिन्याला थोडीच उतरते, पण आधीच रिकामी बॅटरी महिनोन्‌महिने पडली की सेल अडीच व्होल्टच्याही खाली जातो आणि चार्जर ती घेत नाही. अशा वेळी काहीजण चांगल्या बॅटरीच्या वायरी लावून तिला धक्का देतात. तसे मुळीच करू नये. इतक्या उतरलेल्या सेलमधले तांबे विरघळते, पुन्हा चार्ज करताना आतच शॉर्ट होऊन आग लागू शकते.

तेव्हा मशीनचा जोर कमी झाला की थांबावे. गरम बॅटरी निवल्यावरच चार्जरला लावावी, आणि चार्जर त्याच बॅटरीचा असावा. उन्हात तापलेल्या पत्र्याखाली किंवा गाडीच्या डिकीत बॅटरी ठेवू नये. काम बंद असेल तर अर्धी भरून ठेवावी व महिन्या-दोन महिन्यांनी पाहावी. एका खोलीचे घर असले तरी गादीवर, मुलांच्या उशाशी रात्रभर चार्जिंग नको. बॅटरीवर खरेदीची तारीख लिहावी, बिल जपावे. हे काम घरातल्या भगिनींनी हाती घेतले तर नक्की होईल.

मेलेली बॅटरी कचऱ्यात टाकू नये. कचऱ्याच्या गाडीत ती चिरडली की पेट घेते, आणि त्या कचऱ्यात हात घालणारे सफाई कामगार आपलेच भाऊबंद असतात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. टोकांना चिकटपट्टी लावून ती विकणाऱ्या दुकानात वा अधिकृत संकलन केंद्रावर द्यावी. दुकानदार नाही म्हणाला तर नियमाचे नाव घेऊन कंपनीला अर्ज करावा. अर्ज लिहिता येत नसेल त्यांनी आमच्याकडे यावे, संध्याकाळी सातनंतर आम्ही घरीच असतो.