मेंदूची तालीम : दृष्टान्त आणि व्याप्ती

एम.ए. होऊन पीएच.डी.च्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात 'वाचन' हा शब्द मागे पडत चालला असून 'ब्रेन ट्रेनिंग' हा शब्द पुढे सरसावला आहे. आम्ही दोघे तालुक्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो. आमच्या विभागातही हे शब्द आता सर्रास ऐकू येतात. मोबाइलवर रंगीत ठिपक्यांच्या जोड्या लावायच्या, क्षणभर चमकून गेलेले आकडे उलट्या क्रमाने सांगायचे, घड्याळाशी शर्यत करीत आकृत्या फिरवायच्या आणि दिवसाअखेरीस आपला गुणांक किती चढला ते पाहायचे, असा हा उपक्रम. त्यामागची श्रद्धा अशी, की या मशागतीने बुद्धी एकदा तल्लख झाली की नेटची प्रश्नपत्रिका आपसूक सुटेल.

या श्रद्धेची थट्टा करावी असे आम्हाला वाटत नाही. २०२४ पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही ग्राह्य धरले जाऊ लागले. निव्वळ प्रवेशासाठी पात्र ठरणाऱ्यांच्या बाबतीत निवडीचा ७० टक्के भार या गुणांवर आणि ३० टक्के मुलाखतीवर असतो. तीन तासांत १५० प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. त्यातली ५० प्रश्नांची पहिली प्रश्नपत्रिका सर्व विषयांना समान असते आणि ती इंग्रजी व हिंदीत येते. आयुष्यभर मराठीतून शिकलेल्या, सकाळी शेतावर आणि दुपारी तासिकांना जाणाऱ्या मुलीला या परीक्षेची धास्ती वाटली आणि कोणी रोजच्या वीस मिनिटांत ती घालवून देण्याचे आश्वासन दिले, तर तिने ते का स्वीकारू नये?

अशाच एका विद्यार्थिनीने आम्हाला आपला चढता आलेख कौतुकाने दाखविला होता. आकडे लक्षात ठेवण्यात ती आता खरोखरच तरबेज झाली होती. सराव परीक्षेतले गुण मात्र जिथल्या तिथे होते. त्यावर तिने काढलेला निष्कर्ष आम्हाला अस्वस्थ करून गेला : "मॅडम, म्हणजे माझं डोकंच कमी पडतंय."

आम्ही साहित्याचे अध्यापक. मेंदूविज्ञान हे आमचे क्षेत्र नव्हे. पण दृष्टान्त कुठे शोभतो आणि कुठे फसवतो, हे तपासणे निश्चितच आमच्या कक्षेत येते. 'मेंदू हा स्नायूसारखा आहे, व्यायामाने तो बळकट होतो' हा या साऱ्या व्यवहाराचा मूळ दृष्टान्त. तालमीची परंपरा असलेल्या आपल्या मुलखात तो चटकन पटतो. मल्लखांबावर कमावलेले अंग कुस्तीत उपयोगी पडते, तसेच हे, असे वाटते. काव्यात एवढे पुरते. अनुमानात मात्र दृष्टान्तामागे व्याप्ती लागते. जिथे धूर तिथे अग्नी, हा नियत संबंध आधी सिद्ध असावा लागतो. स्वयंपाकघराचे उदाहरण त्यानंतर. गंमत अशी, की व्याप्ती आणि हेत्वाभास हे दोन्ही विषय त्याच पहिल्या प्रश्नपत्रिकेच्या अभ्यासक्रमात आहेत. तेव्हा परीक्षेच्या तयारीचे हे साधन परीक्षेच्याच कसोटीवर घासून पाहायला हरकत नसावी.

'या मुलीची परीक्षेतली कामगिरी सुधारेल, कारण खेळातला तिचा गुणांक वाढला आहे.' हा हेतू टिकतो का? २०१० साली 'नेचर' या नियतकालिकात एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. ११,४३० जणांनी सहा आठवडे असे खेळ खेळले. ज्या खेळाचा सराव केला त्यात सारेच सुधारले. पण सराव न केलेल्या, तशाच प्रकारच्या कसोट्यांतही त्या सुधारणेचा लाभ दिसला नाही. त्याआधी २००८ मध्ये सुझान येगी आणि सहकाऱ्यांनी स्मृतीच्या एका अवघड सरावाने तर्कबुद्धी वाढते असा निष्कर्ष मांडला होता आणि त्याचा बराच बोलबाला झाला. २०१३ मध्ये टॉमस रेडिक आणि सहकाऱ्यांनी अधिक काटेकोर तुलना केली, तेव्हा ती वाढ आढळली नाही. 'लुमॉसिटी' हा प्रसिद्ध खेळसंच विकणाऱ्या कंपनीवर, शाळेत आणि कामात कामगिरी सुधारते असे दावे पुराव्याविना केल्याचा आरोप अमेरिकेच्या व्यापार आयोगाने ठेवला. २०१६ साली वीस लाख डॉलर देऊन तिने ते प्रकरण मिटविले. हेतू आहे पण साध्य नाही, अशी स्थळे सापडली की नैयायिक त्या हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात.

आम्हाला सर्वाधिक बोलका वाटतो तो याहून जुना, एकाच माणसावरचा प्रयोग. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी एका विद्यार्थ्याकडून दीड वर्षाहून अधिक काळ, सुमारे २३० तास, आकडे लक्षात ठेवण्याचा सराव करून घेतला. सुरुवातीला त्याला एका वेळी सात आकडे आठवत. अखेरीस ७९ आठवू लागले. मग आकड्यांऐवजी अक्षरे दिली, तेव्हा तो सुमारे सहावर आला. त्याची स्मृती बळावली नव्हती. तो धावपटू होता. आकड्यांचे गट तो शर्यतीतल्या वेळा म्हणून ओळखत असे. मदतीला आले होते ते त्याचे शर्यतींविषयीचे ज्ञान.

आपल्या जुन्या शाळांना हे ठाऊक असावे. पावकी, निमकी, दिडकी पाठ करणारा मुलगा बुद्धीला धार लावण्यासाठी ती घोकत नसे. बाजारात पाव शेराचा आणि दीड मणाचा हिशेब बसल्या जागी करता यावा म्हणून घोकत असे. जे लागणार तेच तो गिरवी. मल्लखांबावरचा मल्लही ज्या अंगाने कुस्ती खेळायची, तेच अंग कमावतो. ठिपक्यांच्या जोड्या आणि इंग्रजी उतारा यांत असे समान अंग कोणते?

त्या विद्यार्थिनीबरोबर बसून आम्ही तिच्या चुकलेल्या उत्तरांची छाननी केली. बहुतेक ठिकाणी तर्क चुकला नव्हता; इंग्रजी वाक्यातला 'अनलेस' निसटला होता. 'हेत्वाभास' हा शब्द तिला मराठीतून कळत होता, पण रोमन लिपीत लिहिलेला तो समोर येताच परका वाटत होता. टक्केवारीची गणिते तिने दहावीनंतर केलीच नव्हती. उणीव होती ती अनुभवाची आणि भाषेच्या परिचयाची.

त्यानंतर दर शनिवारी आम्ही तिघे एक जुनी प्रश्नपत्रिका घेऊन बसू लागलो. इंग्रजी उतारा वाचायचा, पुस्तक मिटायचे आणि आशय मराठीत सांगायचा. मागच्या शनिवारचे प्रश्न न पाहता पुन्हा सोडवायचे. वाचलेले नुसते पुन्हा वाचण्यापेक्षा ते आठवून पाहिल्याने दीर्घकाळ टिकते, हे रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखविले आहे. आपल्याकडचे पाठांतर करणारे ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले. यात चमकणारा आलेख नाही. पहिले दोन महिने तर कंटाळाच होता. पण हळूहळू ती 'हे मला येत नाही' असे म्हणू लागली, आणि 'मला काही येत नाही' हे वाक्य थांबले.

या दोन वाक्यांतले अंतर आम्हाला महत्त्वाचे वाटते. पहिल्याला अभ्यासाने उत्तर देता येते, दुसऱ्याला नाही. खेळ विकणारे वीस मिनिटे घेतात, थोडे पैसे घेतात, हे नुकसान भरून येण्यासारखे आहे. परंतु जिथे ग्रंथालय, भाषा आणि शिक्षक कमी पडले, तिथे तुझा मेंदू कमी पडला असे ते विद्यार्थ्याच्या मनावर ठसवतात. तो दोष स्वतःच्या माथी घेऊन किती मुले परीक्षेआधीच मागे फिरत असतील! विभागातल्या विद्यार्थ्यांना आम्ही आता एवढेच सांगतो, की खेळ करमणुकीसाठी खुशाल खेळा. आणि गुण वाढले नाहीत तर डोक्याला बोल लावण्याआधी चुकलेला प्रश्न घेऊन आमच्याकडे या.