सहाचे नऊ

नवी गाडी घेताना आपण काय काय बघतो! मायलेज, ईएमआय, रंग, सर्व्हिस सेंटर किती लांब. शोरूममध्ये चावी हातात घेऊन फोटोही काढतो. पण ती रोज रात्री जिथे उभी राहणार, त्या शेडला टेप लावून कुणी बघत नाही. माझ्या भावानेही बघितलं नाही. बोलेरो दारात आली आणि दारातच राहिली.

आमचं घर कामठ्याला, गोंदियाजवळ. बिरसीची धावपट्टी आहे ना, त्याच बाजूला. एकेकाळचं जमीनदारीचं गाव, आता धानाच्या बांध्यांनी वेढलेलं. घरापुढचं टिनाचं शेड १९९७ सालचं, म्हणजे माझ्याच वयाचं. गोंदिया जिल्हा झाला १ मे १९९९ ला, त्यामुळे शेड बसलं तेव्हा आम्ही भंडारा जिल्ह्यात होतो. बाबांनी बंद पडलेल्या हातपंपाचे पाइप आणून स्वतः खड्डे खणून ते उभं केलं होतं. उंची जेमतेम सहा फूट. त्याखाली सेकंडहँड मारुती ८०० यायची, तिची उंची १४०५ मिलिमीटर, म्हणजे चार फूट सात इंच. बोलेरो १८८० मिलिमीटरची. सहा फूट दोन इंच! वर कॅरिअर वेगळंच.

गाडी बदलली ती हौसेने नाही. आईचे गुडघे गेलेत. मारुतीत बसायचं म्हणजे तिला जवळजवळ जमिनीवर बसल्यासारखं व्हायचं आणि उतरताना दोघांनी ओढून काढावं लागायचं. उंच सीटवर ती ओट्यावरून सरळ सरकून बसते. पण त्यासाठी गाडी ओट्याला लागली पाहिजे, आणि ओट्यावर शेड. म्हणून मे महिन्यात मी पुण्याहून घरी गेले तेव्हा विषय एकच होता, शेड उचलायचं.

वेल्डिंगवाला आला, बघून म्हणाला, ‘काकाजी, वरून तीन-तीन फुटाचे तुकडे जोडून देतो. स्वस्तात होऊन जाते.’ बाबा खूष. ‘पाइप चांगलेच तर आहेत, कायले फेकायचे?’

माझी डिग्री मास कॉमची. त्यामुळे मी नागपूरच्या इंजिनिअर मैत्रिणीला फोन लावला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, ‘पाया किती खोल आहे?’ मी म्हटलं, उंचीबद्दल विचारतेय. ती म्हणाली, तेच सांगतेय.

खांब सहाचा नऊ फूट केला की तो दीडपट लांब होतो, एवढंच आपल्याला दिसतं. पण वरून तेवढाच धक्का बसला तर तो हलणार तिपटीहून जास्त, कारण इथे लांबीचा घन मोजतात. वजनाखाली वाकण्याची ताकद सव्वादोन पटीने कमी होते. आणि वारा! भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, ताशी सुमारे १५८ किलोमीटर. त्या वेगाचा दाब चौरस मीटरला ११८ किलोच्या आसपास जातो. आमचं शेड दहा बाय सोळा, म्हणजे साधारण पंधरा चौरस मीटर. त्यातला अर्धा दाब जरी पत्र्याला खालून उचलायला लागला, तरी पावणेनऊशे किलो झाले. आणि पत्र्यांचं वजन शंभर किलोच्याही आत. शेड पडण्याची काळजी आपण उगाच करतो. खरी भीती ते उडण्याची.

मी हे सगळं कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून बाबांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, ‘सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांत एक पत्रा हलला नाही.’ हे खरंच होतं. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. उत्तर आईने दिलं. ‘खाली तांदूळ निवडत मी बसते रोज. तुम्ही नाही.’

मग नवे खांब ठरले. तीन इंची चौकोनी पाइप, खाली बेस प्लेट आणि चार बोल्ट. प्रत्येक खांबाखाली दोन फूट लांब, रुंद, खोल असा काँक्रीटचा ठोकळा. एकेक साधारण ५४० किलोचा. शेडला जमिनीशी बांधून ठेवणारं वजन तेच. वरच्या कोपऱ्यांत तिरपे अँगल, डोक्याच्या वर, म्हणजे गाडीचं दार अडायला नको. खर्च दुपटीच्या वर गेला. जुन्या पाइपांना जोड द्यायचाच असता तर बाहेरून दुसऱ्या पाइपची बाही चढवावी लागली असती. टोकाला टोक नुसतं चिकटवलं की वारा नेमका तिथेच वाकवतो. शिवाय जस्ताचा थर घासून काढल्याशिवाय वेल्डिंग केलं तर त्या पांढऱ्या धुराने अंगात ताप भरतो. आमच्या वेल्डिंगवाल्याला हे पक्कं ठाऊक होतं, पण घासायची त्याची मुळीच इच्छा नव्हती!

आधी पत्रे उतरवले. मग आठ माणसांनी सांगाडा उचलून बल्ल्यांवर ठेवला आणि खांब कापायला घेतले. तिसरा कापावाच लागला नाही. थोडं हलवलं आणि जमिनीलगत तुटून हातात आला. माती आणि हवा जिथे भेटतात तिथेच गंज सगळ्यात जास्त खातो. वरून चांदीच्या रंगाचा दिसणारा पाइप तिथे पत्र्याच्या डब्याइतका पातळ झाला होता. बाबांनी तो तुकडा उचलला, कडेवरून अंगठा फिरवला. बोलले काहीच नाहीत. संध्याकाळी तो परसात नेऊन ठेवला, भंगारवाल्याला दिला नाही.

उंची नऊ फूटच का, तर घर अजून कवेलूचं आहे. जुनं शेड वळचणीच्या खाली होतं, कवेलूचं पाणी पत्र्यावर पडून बाहेर जायचं. उचलून मधेच ठेवलं असतं तर पत्र्याची कड कवेलूत घुसली असती. म्हणून वळचणीच्याही वर, आणि उतार रस्त्याकडे सहा इंच. एक फायदा ताबडतोब कळला. मे महिन्यातली पत्र्याची झळ आता डोक्यावर बसत नाही.

तोटाही आहे, तो कुणी आधी सांगितला नव्हता. छत जितकं वर, तितका तिरपा पाऊस आत येतो. सहा फुटांवर कोरडा राहणारा ओटा जूनच्या पहिल्याच सरीत अर्धा भिजला. आई पाटावर पाय घेऊन बसली होती. बोलेरो मात्र कोरडी ठक्क. परवा फोनवर बाबा सांगत होते, पश्चिमेकडून दोन फूट पत्रा खाली सोडायचाय, पण गाडीचं दार उघडेल का ते बघायला हवं. टेप कुठे ठेवलीस, असं त्यांनी दोनदा विचारलं.