खंडेनवमीचा प्रसाद

आमच्या घरी खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. शस्त्रे म्हणजे काय, तर विळी, पक्कड, हातोडी, माझे एक जुने फाउंटन पेन आणि गेली काही वर्षे दिवाणखान्यातला कॉम्प्युटर. विळीला हळदकुंकू वाहिले की भागते. पण कॉम्प्युटरच्या बाबतीत माझी भक्ती जरा खोल आहे. मी त्याचा बाजूचा पत्रा काढतो, आत साचलेली धूळ ब्रशने झाडतो आणि मगच झेंडूचे फूल वाहतो. गेल्या वर्षीही तसेच केले. त्या भक्तीचे फळ मला कोजागरीच्या आतच मिळाले!

झाले असे की, सकाळी घरखर्चाचा हिशेब लिहीत बसलो असताना पडद्यावरचा बाण एकदम थिजला. यंत्र बंद करून पुन्हा चालू केले, तर काळ्या पडद्यावर इंग्रजीत मजकूर उमटला, की सुरू करण्याजोगी डिस्कच सापडत नाही. पाच मिनिटांनी बटण दाबले, तर काही झालेच नव्हते अशा थाटात सारे व्यवस्थित. डॉक्टर दारात आले की दुखणेकरी उठून बसतो ना, त्यातलाच हा प्रकार.

"अहो," ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आईंचे अनारसे त्यातच आहेत ना?"

माझ्या पोटात गोळा आला. 2016 साली दिवाळीच्या आधी आई हिला अनारसे शिकवत होती आणि मी ते सारे बोलणे फोनवर मुद्रित केले होते. फोन जुना झाल्यावर ती फाईल कॉम्प्युटरवर उतरवली. 2019 साली आई गेली. त्यानंतर मी ती फाईल एकदाही उघडली नव्हती. 'आहे ना घरातच, केव्हाही ऐकू,' एवढ्या समाधानावर वर्षे काढली. माणूस घरात असतानाही आपण नेमके असेच वागतो, नाही का?

माझा भाचा कॉम्प्युटरच्या धंद्यातला आहे. त्याला फोन लावला.

"बिघडायची असती तर काही खडखड तरी ऐकू आली असती ना रे?" मी विचारले.

"मामा, खडखड करायची ती जुनी हार्ड डिस्क. तुमची एसएसडी आहे. तिच्यात फिरणारं काही नाहीच. ती जाते तेव्हा गुपचूप जाते."

मग त्याने मला थोडक्यात सारे समजावून दिले. 1956 साली आय.बी.एम.ने जी पहिली डिस्क बाजारात आणली, तिच्यात 50 तबकड्या गरगर फिरत, आणि त्यांत सुमारे 50 लाख अक्षरे मावत. एसएसडीत तबकडी नाही. जपानच्या तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी सहकाऱ्यांसह 1987 साली जी नँड फ्लॅश स्मृती मांडली, तीच बहुतेक एसएसडींत असते. बारीक बारीक कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा, म्हणजे झाले अक्षर! कप्पा पुसून पुन्हा लिहिला की दर वेळी किंचित झिजतो. पाटीसारखेच की!

"मग तपासायची कशी?"

"तपासायची नाही. आधी प्रत काढायची. दुखणं शोधण्याच्या नादात जे आहे तेही जायचं. जे परत मिळणार नाही, ते पहिलं."

बाहेरची एक डिस्क जोडली. हिशेब राहिले, विम्याचे कागद राहिले, पहिल्यांदा आई. पट्टी अर्ध्यावर आली आणि अडली. आम्ही दोघे श्वास रोखून बघत उभे. मिनिटभराने ती पुन्हा सरकली आणि पुरी झाली.

"आता प्रत उघडून ऐका," भाचा म्हणाला. "नुसतं नाव दिसलं म्हणजे फाईल आली, असं नसतं."

आता मात्र सुटका नव्हती. मी बटण दाबले. आधी भांड्यांचा आवाज, मग आई.

"तुपात सोडल्यावर उलटायचा नाही हं. खसखशीची बाजू वरच राहू दे. आणि घाई नको. घाई केली की जाळी पडत नाही." मग थोडे थांबून, "आणि तू रे काय करतोयस तिथं? तो फोन ठेव आणि डबा दे इकडे!"

फोनवर भाचाही गप्प होता. त्याची ती आजी.

थोड्या वेळाने त्याने मला डिस्कची जन्मपत्रिका उघडायला लावली. डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. ती दाखवणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. लिहिण्याचे आयुष्य 12 टक्के खर्च झालेले. निकामी म्हणून बदललेले कप्पे शून्य. एकच आकडा फुगलेला होता, सीआरसी चुकांचा. डिस्कने पाठवलेला मजकूर वाटेत बिघडला, की हा आकडा एकाने वाढतो.

"मामा, डिस्क ठणठणीत दिसतेय. दोष वाटेत आहे. केबल बघा. अलीकडे आत कुणी हात घातला होता का?"

मी झेंडूच्या सुकलेल्या फुलाकडे पाहिले. हिने माझ्याकडे पाहिले.

विजेचा प्लग काढून पत्रा उघडला. माझ्या ब्रशच्या भक्तीने डिस्कची केबल एका बाजूने सैल झाली होती आणि तिची खिट्टीही मोडली होती. शंभर-दीडशे रुपयांत नवी आली. त्यानंतर यंत्र एकदाही अडले नाही. पण पत्रिकेतला तो आकडा मात्र तसाच होता. मी भाच्याला विचारले, "हा कमी केव्हा होणार?"

"तो कमी होत नाही, मामा. वाढत नाही ना, एवढंच बघायचं."

हे उत्तर कॉम्प्युटरपुरते नव्हते, असे मला अजून वाटते. न ऐकलेली ती वर्षे कुठल्या केबलने परत येणार?

आता आईच्या तीन प्रती आहेत: एक कॉम्प्युटरवर, एक कपाटात, एक भाच्याकडे. धडधाकट दिसणारी डिस्कही न सांगता जाऊ शकते, हे त्याने बजावून ठेवले आहे. त्या दिवाळीला स्वयंपाकघरात आईचा आवाज चालू होता आणि ही अनारसे तळत होती. पहिले दोन तुपात विरघळले. तिसऱ्याला जाळी पडली.

यंदाच्या खंडेनवमीला मी फूल बाहेरूनच वाहिले.