सीमेवरचं मैदान : लक्झेंबर्गच्या छोट्या लीगची मोठी गोष्ट

युरोपातला फुटबॉल म्हटलं की आपल्याला माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर, लिव्हरपूल आठवतात. रात्री उशिराची मॅच, घरातले झोपलेले म्हणून टीव्हीचा आवाज बंद, आणि गोल झाला की उशीत तोंड खुपसून ओरडायचं. आपल्यापैकी अनेकांनी हे केलं असेल. मी मात्र आज अशा एका लीगबद्दल लिहिणार आहे, जी आपल्याकडे टीव्हीवर दिसत नाही आणि जिच्या खेळाडूंचे टी-शर्ट गणपत गल्लीत काय, जगात फारसे कुठेच विकले जात नाहीत. ही लीग म्हणजे लक्झेंबर्गची 'नॅशनल डिव्हिजन'. प्रायोजक बँकेच्या नावावरून तिला 'बीजीएल लीग' म्हणतात.

मी बेळगावचा. तिथेच बीई केलं, काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग कंपनीच्या कामासाठी लक्झेंबर्गला आलो. दोन वर्षांसाठी आलेले आम्ही आता सहाव्या वर्षात आहोत. आयटीवाल्यांच्या बाबतीत असं होतंच, त्यामुळे त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

गोव्यापेक्षा लहान देश

गोव्याचं क्षेत्रफळ 3,702 चौरस किलोमीटर आहे, तर लक्झेंबर्गचं 2,586. उत्तर-दक्षिण लांबी जेमतेम 82 किलोमीटर. म्हणजे बेळगावहून कोल्हापूर गाठायच्या आत हा अख्खा देश संपतो! लोकसंख्या पावणेसात लाखांच्या आसपास असून त्यातले जवळजवळ निम्मे लोक परदेशी नागरिक आहेत. शिवाय फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियममधून दोन लाखांहून जास्त माणसं रोज कामासाठी इथे येतात आणि संध्याकाळी परत जातात.

एवढ्याशा देशात राष्ट्रीय लीग 1909-10 पासून खेळली जाते. वरच्या श्रेणीत 16 संघ आहेत आणि प्रत्येक जण मोसमात 30 सामने खेळतो. बरेचसे सामने रविवारी दुपारी होतात. काही खेळाडू पूर्णवेळ व्यावसायिक आहेत, तर अनेक जण आठवडाभर नोकरी करून संध्याकाळी सरावाला जातात. सामन्याला काहीशे माणसं जमतात. स्टँडच्या मागे छोटं कँटीन असतं, त्याला 'बुव्हेट' म्हणतात. तिथे क्लबचेच स्वयंसेवक सॉसेज भाजत आणि बिअर ओतत उभे असतात. शाकाहारी माणसाच्या वाट्याला तळलेले बटाटे येतात. ते चांगले असतात, फक्त वर घालायला थोडी चटणी असती तर बरं, असं मला दर वेळी वाटतं.

मी या मैदानांवर जायला लागलो तो फुटबॉलसाठी नव्हे, भाषेसाठी. इथे पाच वर्षं राहिल्यावर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो, पण त्यासाठी लक्झेंबर्गिश भाषेची परीक्षा द्यावी लागते. बोलणं साधारण जमलं तर चालतं, ऐकून समजणं मात्र त्यापेक्षा वरच्या पातळीचं लागतं. अडचण अशी, की ही भाषा ऐकायची कुठे? ऑफिसात इंग्रजी, दुकानात फ्रेंच, वर्तमानपत्रात बरंचसं जर्मन आणि आमच्या इमारतीच्या जिन्यात पोर्तुगीज! शेवटी भाषेच्या क्लासमधल्या बाईंनीच उपाय सांगितला, "रविवारी फुटबॉलला जा आणि म्हाताऱ्या माणसांच्या शेजारी बसा."

तांबडी माती

बाईंचं ऐकून मी गेलो ते एश-सुर-अल्झेट या देशातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या शहरात. राजधानीहून ट्रेननं साधारण अर्ध्या तासाचा रस्ता आहे. तिकीट काढावं लागत नाही, कारण 2020 पासून इथे बस, ट्राम आणि दुसऱ्या वर्गाची ट्रेन सगळ्यांना मोफत आहे.

देशाच्या या दक्षिण भागाला 'तांबड्या मातीचा प्रदेश' म्हणतात. लोहखनिजामुळे माती तांबडी झाली आहे. बेळगावच्या माणसाला तांबडी माती दिसली की आधी तालीम आठवते, मलाही तीच आठवली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इथे खाणी आणि पोलादाचे कारखाने उभे राहिले. कामाला माणसं हवी होती, ती आधी जर्मनी आणि इटलीतून आली. पुढे 1960 नंतर पोर्तुगालमधून आली. आज पोर्तुगीज हा देशातला सर्वांत मोठा परदेशी समाज आहे.

फुटबॉल इथे आणला तो एका शिक्षकानं. जाँ रोएडर हे एशमध्ये इंग्रजी शिकवायचे. त्यांनी 1906 मध्ये 'फोला' हा क्लब काढला. फुटबॉल आणि लॉन टेनिस या शब्दांची आद्याक्षरं जोडून हे नाव तयार झालं. लगेच पुढच्या वर्षी, 1907 मध्ये, त्याच गावात 'ज्युनेस' हा दुसरा क्लब निघाला, तो कामगार वस्तीतला. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा पोशाख आणि 28 राष्ट्रीय विजेतेपदं ही त्याची ओळख. फोलाच्या स्टेडियमला एमिल मायरिश या पोलाद उद्योगपतीचं नाव आहे. ज्युनेसच्या मैदानाचं नाव आहे 'स्ताद द ला फ्रोंतिएर', म्हणजे 'सीमेवरचं स्टेडियम'.

नाव शब्दशः खरं आहे. मैदानापासून थोडं चालत गेलात की फ्रान्स सुरू होतो. चौकी नाही, पोलीस नाही, फक्त रस्त्याकडेला एक पाटी. ज्या शेंगेन कराराच्या व्हिसासाठी आपण कागदांची चळत घेऊन रांगेत उभे राहतो, तो करार 1985 साली याच देशातल्या शेंगेन नावाच्या छोट्या गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर झाला. 'सीमा' हा शब्द ऐकत मोठं झालेल्या माझ्यासारख्याला ती पाटी पाहून काय वाटलं, ते इथल्या सहकाऱ्यांना समजावणं अवघड आहे. तुम्हाला सांगायची गरज नाही.

तीनदा एकच उत्तर

ही सीमा नेहमीच एवढी सौम्य नव्हती. 10 मे 1940 रोजी जर्मन सैन्य देशात घुसलं. फ्रेंच नावं, फ्रेंच पाट्या यांवर बंदी आली. फुटबॉल क्लबही सुटले नाहीत. त्यांची नावं जर्मन करण्यात आली आणि त्यांना जर्मन लीगमध्ये खेळावं लागलं. 'स्ताद ड्युडलांज' हा क्लब रातोरात 'एफव्ही श्टाड्ट ड्युडेलिंगेन' झाला.

ऑक्टोबर 1941 मध्ये जर्मनांनी जनगणना घ्यायचं ठरवलं. त्यात नागरिकत्व, मातृभाषा आणि वंश असे तीन प्रश्न होते. लक्झेंबर्गिश ही भाषा नसून जर्मनची बोली आहे, तेव्हा उत्तरात 'जर्मन' लिहावं, अशी अपेक्षा होती. गुपचूप पत्रकं फिरली आणि लोकांनी तिन्ही प्रश्नांना एकच उत्तर लिहायचं ठरवलं: लक्झेंबर्गिश. सुरुवातीचे अर्ज तपासल्यावर जर्मनांच्या लक्षात आलं की डाव उलटला आहे, आणि ती मोजणीच रद्द झाली. पुढे 1984 मध्ये कायदा होऊन लक्झेंबर्गिश अधिकृतपणे देशाची राष्ट्रीय भाषा झाली. कायदे आजही फ्रेंचमध्येच होतात, पारंपरिक पद्धतीनुसार मुलं वाचायला-लिहायला जर्मनमध्ये शिकत आली, पण पंचाला शिव्या द्यायची वेळ आली की म्हातारे लक्झेंबर्गिशच बोलतात. माझा शब्दसंग्रह तिथूनच वाढला. त्यातले काही शब्द परीक्षेत वापरता येणार नाहीत, एवढंच!

लहान संघांचे मोठे दिवस

या लीगचा विजेता जुलै महिन्यातच चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीत उतरतो. बहुतेक वेळा तिथूनच परततो. पण म्हाताऱ्यांना विचारा, ते तारखांसकट आठवणी सांगतात. 1973 मध्ये ज्युनेसनं एशमध्ये लिव्हरपूलला 1-1 असं रोखलं. 2017 मध्ये 'प्रोग्रे नीडरकोर्न'नं ग्लासगोच्या रेंजर्सना घरच्या सामन्यात 2-0 हरवून स्पर्धेबाहेर काढलं. त्यातला एक गोल सेबास्तियाँ तिलचा होता. याच तिलनं 2021 मध्ये मोल्दोव्हाच्या 'शेरिफ' क्लबकडून खेळताना रिअल माद्रिदच्या मैदानावर शेवटच्या मिनिटाला विजयी गोल मारला.

2018 मध्ये 'एफ 91 ड्युडलांज'नं वॉर्साचा लेगिया आणि रोमानियाचा क्लुज हे संघ हरवून युरोपा लीगच्या गटात जागा मिळवली. लक्झेंबर्गच्या क्लबला हे प्रथमच जमलं. गटात मिलान, बेटिस आणि ऑलिम्पियाकोस होते. मिलानच्या सान सिरो मैदानावर हा संघ उत्तरार्धाच्या सुरुवातीला 2-1 नं पुढे होता! शेवटी 5-2 असा हरला. पण मधली ती काही मिनिटं लोक अजून सांगतात. हा क्लब 1991 मध्ये गावातले तीन जुने क्लब एकत्र येऊन बनला, म्हणून नावात 91.

यातले काही सामने राजधानीतल्या योसी बार्थेल स्टेडियमवर झाले. बार्थेल यांनी 1952 च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये 1500 मीटर शर्यतीत सुवर्णपदक जिंकलं होतं. त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. मी हे शेजारच्या आजोबांना सांगितलं. त्यांनी फोनवर खाशाबांचा फोटो पाहिला, बराच वेळ पाहिला, आणि "ताकदवान दिसतो" एवढंच म्हणाले. लक्झेंबर्गर माणसाकडून ही मोठीच दाद!

खाण बंद झाल्यावर

लोहखनिज आणि फुटबॉल ही जोडी आपल्यालाही नवीन नाही. गोव्यातले धेंपो, साळगावकर आणि सेझा हे क्लब खाण उद्योगातल्या घराण्यांचे आणि कंपन्यांचे. धेंपोनं तर पाच वेळा देशाचं विजेतेपद मिळवलं. 2016 मध्ये धेंपो आणि साळगावकर हे दोघेही आय-लीगमधून बाहेर पडले. त्या वेळी आमच्या बेळगावच्या कट्ट्यावर सुतक असल्यासारखी शांतता होती.

एशमध्येही कारखाने थंडावले. बेल्व्हालची शेवटची भट्टी 1997 मध्ये विझली. तिथे आता विद्यापीठ आहे आणि जुन्या भट्ट्या जपून ठेवल्या आहेत. इथली जुनी पोलाद कंपनी आर्सेलरमध्ये विलीन झाली आणि 2006 मध्ये ती लक्ष्मी मित्तल यांच्या कंपनीशी जोडली गेली. एवढं सगळं बदललं, तरी क्लब टिकून राहिले. मैदानं साधारणपणे नगरपालिकांची असतात, कामं स्वयंसेवक करतात, आणि प्रत्येक क्लबकडे लहान मुलांचे संघ असतात. सामन्याच्या यादीत ठरावीक संख्येनं असे खेळाडू लागतात, ज्यांनी पहिली नोंदणी लक्झेंबर्गमध्येच केली. आडनाव पोर्तुगीज आहे, बोस्नियन आहे की केप व्हर्दचं, हे तिथे विचारत नाहीत. पहिल्यांदा बूट कुठल्या क्लबात बांधले, एवढंच पाहतात.

माझी मुलगी आता सहा वर्षांची आहे आणि आमच्या गावाच्या क्लबात खेळते. तिचे प्रशिक्षक लक्झेंबर्गिशमधून सांगतात, नाही समजलं तर फ्रेंच, तरीही नाही तर पोर्तुगीज. ती त्यांना 'मोयेन' म्हणते आणि पळत येऊन तिच्या आईला "पाणी दे गं" म्हणते. बेळगावात घरी मराठी, बाजारात कन्नड, शाळेत इंग्रजी आणि मित्रांत हिंदी करत वाढलेल्या आम्हा दोघांना यात काही विशेष वाटत नाही. तिच्या आजीला मात्र काळजी वाटते. व्हिडिओ कॉलवर ती दर रविवारी विचारते, "पोरगी मराठी विसरणार तर नाही?"

या प्रश्नाचं उत्तर मला अजून देता येत नाही. आपल्या देशात दुहेरी नागरिकत्व नाही, म्हणजे इथला पासपोर्ट घेतला तर भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल. परीक्षेचा अर्ज टेबलावर आहे, भरलेला नाही. पण एक गोष्ट मी त्या म्हाताऱ्यांच्या शेजारी बसून पाहिली आहे. त्यांची भाषा केवळ कायद्यानं टिकलेली नाही. दर रविवारी एकत्र जमून ती बोलण्याची जागा त्यांनी सोडली नाही, म्हणूनही ती टिकली आहे. आपल्याकडे गणेशोत्सव मंडळं, वाचनालयं, तालमी आणि हा अंक अशाच जागा आहेत. म्हणून आम्ही घरी एक नियम केला आहे: सामन्याहून परतताना ट्रेनमध्ये लेकीनं अख्खी मॅच आजीला फोनवर सांगायची, मराठीतून. 'ऑफसाइड' समजावताना दोघींची जी भांडणं होतात, ती ऐकून समोरचे प्रवासी हसतात.

तर मंडळी, युरोपच्या सहलीत पॅरिसहून वेळ काढून लक्झेंबर्गला आलात, तर राजधानीचा किल्ला जरूर पाहा. पण रविवार असेल तर दुपारी एशची ट्रेन पकडा. भाडं लागणार नाही. स्टँडमध्ये एखाद्या आजोबांच्या शेजारी बसा आणि 'मोयेन' म्हणा. पुढचं संभाषण तेच सांभाळतील.