सरकारी फांदी

आमचा गोठा रस्त्याला लागून. त्यावर सरकारी लिंबाची एक मोठी फांदी आलेली. बुंध्यावर गेरू-चुन्याचे पट्टे अन् मधे नंबर असला म्हणजे झाड बांधकाम खात्याचं, हे आम्हा पोरांनाही ठाऊक होतं. वारं सुटलं की फांदी करकरायची. खाली बैलजोडी बांधलेली. शेजारी म्हणत, "रातच्याला घाला कुऱ्हाड, कोण बघतंय?" बापू तसल्यातले नव्हते. स्वतःच्या बांधावरची चिंच तोडायलासुद्धा 1964 च्या कायद्यानं परवानगी लागते, हे तर सरकारचंच झाड, एवढंच म्हणायचे.

दिवाळीनंतर अर्ज केला. कोर्ट फीचं तिकीट, सातबारा, मग पाहणी, पंचनामा, मग साहेबांची बदली. तालुक्याला किती खेटे झाले ते बापूंनाच माहीत. एष्टीच्या पैशात एक शेळी आली असती. होळीनंतर कागद आला. फांदी तोडा, पण लाकूड सरकारजमा. लिलाव होईस्तोवर सांभाळायचं तुम्ही. मैलकुली मामांनी ओंडके मोजले, टोकांना चुना फासला अन् आमच्याच गोठ्यात रचले.

लिलाव काही निघाला नाही. पावसाळ्यात आई ओल्या पऱ्हाट्या फुंकून डोळे लाल करून घ्यायची, अन् पाठीमागं खणखणीत वाळलेलं लाकूड. बापू ढलपीला हात लावू देत नसत. आईनं त्यांना किती बोल लावले असतील!

पोळ्याच्या आधी झड लागली. सहा दिवस सूर्य नाही. त्यात आजी गेली. गावात कुणाकडं कोरडं लाकूड नव्हतं. माणसं ओसरीवर बसून राहिली. गोठ्याचं नाव कुणीच काढेना. बघत मात्र सगळे तिकडंच होते. बापू मान खाली घालून बसलेले.

शेवटी मैलकुली मामाच उठले. डोक्यावरची पोत्याची खोळ बाजूला ठेवली, वरचा ओंडका खाली ओढला.

"बापू, मोजलेत मीच. उचला आता. म्हातारीला काय ओल्या लाकडावर नेता?"

पाऊस जरा उघडला तेवढ्यात उरकलं.

चौदाव्या दिवशी बापू तालुक्याला गेले अन् आपणहून सांगितलं. बाबू चक्रावला. असला माणूस त्याच्यापुढं कधी आला नसावा. बराच वेळ फाइली उलटल्या, मग लाकडाची किंमत भरून घेतली अन् पावती फाडली. 'जळाऊ लाकूड, लिंब.'

ती पावती अजून ट्रंकेत आहे. आजीच्या मृत्यूची नोंद कुणी केलीच नव्हती. तारीख लागली की आम्ही पावती काढतो अन् तेरा दिवस मागं मोजतो.